पहिल्याच 'सावधान'ला

वाद्यांचा विषय निघाला की आमच्या ओटीवरची पुरुषमंडळी अशा थाटात बोलतात, जणू देवाने बायकांना कान दिले ते फक्त कुड्या घालायला. कुठल्या नाटक मंडळीची साथ चांगली, कुठला सारंगीवाला मोठा, गोऱ्या पलटणीच्या बँडपुढे आपली सनई कशी फिकी, सगळं ठरवून मोकळे होतात आणि मग मला हाक मारून पानाचं तबक मागतात. बोला, बापड्यांनो. मीही बरंच ऐकलंय. माजघरातून ऐकलं, खिडकीआडून ऐकलं, म्हणून काय कमी ऐकू आलं?

लाटसाहेब ठाण्याला आले होते, तेव्हा कचेरीपलीकडच्या मैदानात पलटणीचा बँड वाजला. आम्ही पाचसहा जणी देवदर्शनाचं निमित्त करून तळ्याच्या काठाने तिकडे गेलो आणि एका झाडामागे उभ्या राहिलो. मधोमध एक साहेब काठी हलवत होता. मला तो आधी वेडाच वाटला. स्वतः काहीच वाजवत नव्हता, आणि घाम मात्र सगळ्यात जास्त त्यालाच! पण इतकी माणसं, इतकी पितळी वाद्यं, आणि सगळी एका क्षणाला सुरू, एका क्षणाला बंद. अंगावर काटा आला माझ्या. घरी येईपर्यंत आम्ही एकमेकींशी बोललो नाही, आणि आम्ही पाचसहा जणी न बोलता चाललो ही गोष्ट साधी नव्हे. चांगला ताफा म्हणजे हाच, कोणाचं पाऊल चुकत नाही तो, असं मी मनाशी धरून ठेवलं. ते मत पुढे बदललं, माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात.

माझं माहेर कल्याणचं. माझं लग्न होऊन मी ठाण्याला आले होते, आणि स्वारी, म्हणजे आमचे यजमान, तिथल्या कचेरीत होते. इकडे, म्हणजे स्वारीला, गाण्याबजावण्याचा शौक भारी. आमच्या घरापासून जवळच किरिस्तांवांची वाडी होती आणि तिथल्या काही जणांनी मिळून एक बँड काढला होता. दोन फिडली, म्हणजे गजाने वाजवायची व्हायोलिनं, चारपाच पितळी कर्णे, एक भलाथोरला ढोल, आणि त्यांचा मुख्य काळी लांब क्लॅरनेट वाजवायचा. दिवसा ही माणसं शेती करत, मासळी आणत. सणाला त्यांच्या किरिस्तांवी देवळात वाजवत, तेव्हा लाल डगले चढवत. संध्याकाळी त्यांचा सराव चाले आणि मी तांदूळ निवडता निवडता ऐकत बसे. चुकत खूप. चुकले की हसत, आणि पुन्हा पहिल्यापासून धरत.

धाकटीचं लग्न ठरलं तेव्हा ती नऊ वर्षांची. मुलगा भिवंडीचा, घर खातंपितं. इकडून लगेच सासऱ्यांना निरोप गेला, की बँड मी आणतो. आता जावयाने हौसेने काही म्हटलं, तर नाही कोण म्हणणार? माझ्या वडिलांचा चेहरा पडला, कारण कल्याणात आमच्या आळीत लग्न म्हटलं की सनई देवळातल्या गुरवाची, हा पिढीजात रिवाज. माझ्या लग्नात तोच वाजवायला होता, आईच्या लग्नात त्याचा बाप.

हा गुरव तेव्हाच साठीला आलेला. दुसऱ्या सनईवर त्याचा भाऊ नुसता सूर धरून बसे, आणि चौघड्यावर पुतण्या. त्या भावाने जन्मभर एकच सूर वाजवला, गाल फुगवून, डोळे मिटून, मध्ये दम तुटल्याचं कधी कळू दिलं नाही. लहानपणी मी एकदा गुरवाला विचारलं होतं, याला कंटाळा येत नाही का? तो म्हणाला, "बाय, घरी कोणीतरी बसलेलं हाय, म्हणून मी गावभर हिंडून येतो." आणि त्याचा कान! आळीतल्या बायका कासाराकडून तांब्या घेताना त्याच्यापुढे वाजवून बघत. बारीक चीर असली तरी तो नुसती मान हलवी, की तांब्या परत.

बँडचं त्याला सांगायचं कसं, यावर वडील आठवडाभर तळमळले. शेवटी आईनेच सांगितलं. तो म्हणाला, "वाजवू दे की, मांडव काय माझ्या एकट्याचा हाय?" इतकंच. आम्हाला उगीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खरी अडचण होती विहीणबाईंची. त्यांची थोरली सून लग्नानंतर वर्षाच्या आत पटकीने गेली होती, आणि त्या लग्नात म्हणे मुहूर्ताची घटका चुकली होती. तेव्हापासून त्या बाईंनी मुहूर्ताची धास्तीच घेतलेली. दुसरं कोणी असतं तर मी नावं ठेवली असती, पण पोटच्या पोरीसारखी सून डोळ्यांदेखत गेलेली, काय बोलणार? त्यांनी भिवंडीहून स्वतःचा जोशी आणला होता, केवळ घटिकापात्रावर नजर ठेवायला. पाण्याने भरलेल्या घंगाळात ती भोकाची तांब्याची वाटी तरंगत सोडतात ना, ती भरून बुडाली की घटका झाली. जोशीबुवा त्या घंगाळापाशी मांजरासारखे दबा धरून बसले होते.

बँड आगगाडीने आला. ढोल डब्याच्या दारातून आत जाईना, तेव्हा गार्डाशी भांडून त्याच्या डब्यात ठेवला, आणि ढोलवाला कल्याण येईपर्यंत काळजीने उभाच होता. पण वरात निघाली आणि काय सांगू! भिवंडीकर खाडीवर उतरले तिथपासून आमच्या घरापर्यंत माणूस न् माणूस दारात आलेला. लाल डगले, चकचकीत कर्णे, घोड्यावर बसलेला पंधरा वर्षांचा नवरदेव. स्वारी पुढे पुढे, अशा ऐटीत, की जणू लग्न यांचंच. खोटं कशाला बोलू, मलाही गुदगुल्या होत होत्या. माझ्या नवऱ्याने आणलेला बँड!

मुहूर्त गोरज. मांडवात बँड उजवीकडे उभा राहिला, गुरवाची मंडळी डावीकडे त्यांच्या नेहमीच्या घोंगडीवर बसली. इकडून बँडच्या मुख्याला ताकीद झाली. मी आतल्या दाराशीच उभी होते, म्हणून शब्द न् शब्द ऐकला. "भटजी मोठ्याने 'सावधान' म्हणाले, की लग्न लागलं समजा. तत्क्षणी सुरू करायचं. एवढाही उशीर नको." मुख्याने मान डोलावली. आमच्यात जन्मलेल्या कोणालाही या सूचनेत काही खोट दिसली नसती, मलाही दिसली नाही. मंगलाष्टकाच्या दर कडव्याला 'सावधान' येतं आणि वाजवायचं ते शेवटच्या, भटजींनी 'वाजवा' म्हटल्यावर, हे काय कोणाला सांगावं लागतं? ते आम्ही आईच्या कडेवर बसून शिकलेले. पण त्या बिचाऱ्याच्या देवळात पाद्री एकदाच विचारतो, एकदाच लग्न लागतं.

अंतरपाट धरला. अलीकडे धाकटी, पलीकडे नवरदेव. भटजींनी पहिलं मंगलाष्टक म्हटलं, आणि लांबवलेल्या आवाजात आलं, "सावधान!"

आणि धडाड्‌कन बँड फुटला. ढोल, कर्णे, फिडली, सगळं एकदम, मांडवाच्या झालरी हलल्या. लोकांनी हातातल्या सगळ्या अक्षता भिरकावल्या, टाळ्या पिटल्या. अंतरपाट धरणाऱ्या दोन भटजींपैकी एकाने, वाद्यं ऐकून सवयीने, आपलं टोक सोडून दिलं. पाट खाली आला. नवरानवरी एकमेकांसमोर उघडी.

"अहो थांबा! थांबा!" जोशीबुवा घंगाळापाशी दोन्ही हात वर करून नाचत होते. वाटी अजून मजेत तरंगत होती.

बँड थांबला, एकेक वाद्य करत. शेवटी ढोल थांबला. विहीणबाई होत्या तिथे मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "पुन्हा तेच. देवा, पुन्हा तेच." जोशी म्हणाला, मुहूर्ताआधी दृष्टादृष्ट झाली, घटका न भरता वाद्यं वाजली, हा अपशकुन आहे. मग भिवंडीकडल्या बायकांत कुजबुज सुरू झाली. मुलीच्या पायगुणाची. आणि नवरदेवाचे चुलते उठून माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलीला आत न्या. आम्हाला विचार करावा लागेल."

आत न्या! मांडवातून परत गेलेली मुलगी म्हणजे काय, हे आताच्या पोरींना सांगून कळायचं नाही. ती जन्माची माहेरी. तिच्या हातचं हळदीकुंकू कोणी घ्यायचं नाही, सकाळी वाटेत दिसली तर लोकांनी तोंड फिरवायचं. आणि ती माझी धाकटी, मुंडावळ्या बांधून, खांदे आखडून उभी, आपलं काय चुकलं ते शोधत.

बँडच्या मुख्याने इकडे पाहिलं. स्वारीच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मुख्याने ओठ उघडले. बोलला असता तर खरंच बोलला असता, की साहेब, तुम्हीच सांगितलंत. मग जावयाची चूक, सासऱ्याच्या मांडवात, व्याह्यांसमोर. किरिस्तांव वाजंत्री आणलीच का इथपासून भांडण पेटलं असतं आणि त्यात लग्न जळून गेलं असतं. इकडून तोंडातून शब्द फुटेना. मला इतका राग आला, आणि इतकी दयाही आली, की काय करू कळेना.

तेवढ्यात डावीकडून आवाज आला. "चूक माझी हाय, मालक."

म्हातारा गुरव घोंगडीवरून उठला होता. "मीच खूण केली त्यांना. मोठी वाद्यं, एकदा सूर जुळवून घ्या म्हटलं. वेळ चुकली माझी. मंगलाष्टक सुरू झालं ते मला ऐकूच आलं नाय." जरा थांबला आणि म्हणाला, "माझा कान गेला आता."

सगळा मांडव त्याच्याकडे बघत राहिला. ज्याच्या समोर आळी तांबे वाजवून घ्यायची, तो हे बोलत होता. त्याच्या भावाने एकदा वर पाहिलं आणि मान खाली घातली.

"सूर जुळवणं?" चुलते ओरडले. "एवढं? आमचे कान बसले!"

"मोठी वाद्यं," गुरव शांतपणे म्हणाला. "भटजींनी 'वाजवा' म्हटलेलं नाय. त्यांच्या हुकमावाचून वाजलं ते वाजवणं नव्हं, जुळवणं."

आमचे भटजी वस्ताद. त्यांनी तो धागा झटकन उचलला. खरंच आहे, म्हणाले, मी आज्ञा दिलेलीच नाही, तेव्हा वाद्यं लागलेलीच नाहीत. राहिली दृष्टादृष्ट. त्यांनी नवरदेवाला विचारलं, "खरं सांग, तू मुलीकडे पाहिलंस?" पोरगं लाजलं आणि म्हणालं, "नाही. मी ढोलाकडे बघत होतो."

कोणीतरी फिस्सकन हसलं, मग दुसरं, आणि मांडव एकदम सैल झाला. जोशीबुवांचीसुद्धा मिशी हलली. पण विहीणबाई हसल्या नाहीत. त्या म्हाताऱ्याला म्हणाल्या, "कान गेला तर घरी बसावं. लोकांच्या लेकीसुनांच्या जिवाशी खेळ नाही करू." तो हात जोडून उभा. वडील मध्ये पडायला गेले तेव्हा त्याने त्यांच्याकडे असं काही बघितलं, की वडील थबकले. आणि मग माझ्या वडिलांनी, ज्यांनी कधी गड्याला अरे म्हटलं नाही, त्यांनी सगळ्यांसमोर त्या म्हाताऱ्याला ताडताड बोलून घेतलं. मी पदर तोंडात कोंबून रडले.

अंतरपाट पुन्हा धरला. मंगलाष्टकं पहिल्यापासून. दर 'सावधान'ला मांडवाचा श्वास अडकायचा. बँडवाल्यांनी तर वाद्यं पायांशीच ठेवून दिली होती. शेवटी वाटी भरली, बुडाली, जोशीबुवा ओरडले, पाट दूर झाला आणि भटजींनी आरोळी दिली, "वाजवा हो वाजवा!"

बँड हलला नाही. भ्यालेलाच होता. आधी उठला तो भावाचा सूर, एकटा. मग त्यावर म्हाताऱ्याची सनई. मी आयुष्यात इतकी स्वच्छ सनई ऐकलेली नाही. कान गेला म्हणे! एक फेर वाजवून झाला आणि म्हाताऱ्याने वाजवता वाजवताच मान वळवून बँडच्या मुख्याकडे पाहिलं, या, असं. मुख्याने क्लॅरनेट उचलली. आपलं गाणं त्याने वाजवलंच नाही. तो भावाच्या सुराशेजारी जाऊन बसल्यासारखा तोच सूर धरून राहिला, खालच्या पट्टीत. मग एक कर्णा, हलका. फिडली. ढोलवाल्याने काठ्या खाली ठेवल्या आणि चौघड्याचा ठेका ऐकत ऐकत हाताच्या पंजाने वाजवायला लागला. दोघांच्या वाद्यांत थोडं अंतर होतं, पट्टी पुरती जुळत नव्हती, हे मलाही कळत होतं. म्हातारा वाजवता वाजवता त्यांच्या बाजूला सरकला, ते त्याच्या बाजूला. जिथे भेटले, तिथे मला वाटलं मांडवच उचलला गेला. लाटसाहेबाच्या बँडमध्ये कोणी चुकलं नव्हतं, म्हणून कोणाला कोणाला सांभाळावं लागलं नव्हतं. हे सगळे चुकलेले, घाबरलेले, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला धरून होता. असा ताफा मी पुन्हा ऐकला नाही.

धाकटी सुखाने भिवंडीला गेली. मागे कल्याणात मात्र 'गुरवाचा कान गेला' हे पसरायला वेळ लागला नाही. लोकांना काय, चघळायला हवंच. पुढच्या सराईत लोकांनी त्याला देवळापुरता ठेवला आणि लग्नाला दुसरे ताफे बोलावले. तांबे त्याच्यापुढे वाजवणं बंद झालं. वडील एकदा त्याच्या दारात जाऊन म्हणाले, मी खरं सांगून टाकतो. तो म्हणाला, "नको, मालक. पोर अजून त्या घरात परकी हाय. तिच्यावर येईल." आणि स्वारी? इकडून दर खेपेला कल्याणला गेल्यावर आधी त्याच्याकडे जाणं व्हायचं. ओसरीवर बसायचं, उठून यायचं. काय बोलणं होई ते मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढे काही वर्षांनी धाकटी पहिल्या बाळंतपणाला कल्याणला आली आणि मुलगा झाला. बारशाला विहीणबाई भिवंडीहून बैलगाडीने आल्या. नातू बघून बाई इतक्या खुश, की माझ्या आईला चक्क मिठी मारली. वाजंत्र्यांचा विषय निघाला तेव्हा वडील उठून ओटीवर गेले. आई म्हणाली, डोंबिवलीकडचा एक ताफा चांगला आहे म्हणतात. तेव्हा बाजेवरून धाकटीचा आवाज आला, "आपला गुरव बोलवा."

विहीणबाई वळल्या. "अगं, तो? त्याचा तर कान गेलाय."

माझी बहीण सासूसमोर कधी मान वर करून बोललेली नव्हती. त्या दिवशी बोलली. "तोच वाजवेल, सासूबाई. माझ्या मुलाच्या बारशाला तोच."

मी बाळाला तेल लावायच्या निमित्ताने जवळ गेले आणि हळूच विचारलं, तुला काय माहीत गं? ती म्हणाली, "ताई, पाट सुटला तेव्हा ते ढोलाकडे बघत होते आणि मी गुरवबाबांकडे. खूण कसली? त्यांच्या दोन्ही हातांत अक्षता होत्या."

म्हणजे एवढी वर्षं ही पोर गप्प होती. मला तिला कुशीत घ्यावंसं वाटलं.

म्हातारा आला. भाऊ होताच सोबत. खूप वाकला होता, पुढचे दात गेले होते, पण सनई तोंडाला लावली आणि बायका पाळण्याची दोरी हातात धरून थांबल्या. विहीणबाई माजघराच्या दारात उभ्या होत्या. बराच वेळ ऐकत राहिल्या. आधी त्यांनी सनईवाल्याकडे पाहिलं, मग बाजेवरच्या सुनेकडे, मग पाळण्यातल्या नातवाकडे. वाजवणं थांबलं तेव्हा त्या ओटीवर गेल्या. बायकांनी पुरुषांच्या ओटीवर जायचं नसे, तरी गेल्या.

"गुरवबाबा," त्या म्हणाल्या, "तुमचा कान गेला नव्हता."

म्हाताऱ्याने सनई पुसून कापडात गुंडाळली. "गेला होता, आईसाहेब," तो म्हणाला. "आला परत."

विहीणबाईंच्या डोळ्यांना धार लागली. त्या तशाच आत आल्या, पाळण्यापाशी गेल्या, नातवाला उचललं, आणि सगळ्या आळीसमोर ओटीवर नेऊन त्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं.